जवळजवळ ख्रिस्ती असणाऱ्यांच्या वतीनं एक खुलं पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातल्या मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब, पंचमंडळी आणि तरुण संघ यांस

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मागणी आधीच सांगून टाकतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना लांब पत्रं वाचायची सवय नाही आणि मला थोडक्यात लिहायची नाही. येत्या लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, एखाद्या रविवारी, नेहमीच्या उपदेशाच्या जागी, मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या इंग्रज पाळकाचा, जॉन वेस्लीचा, ‘जवळजवळ ख्रिस्ती’ हा उपदेश आपल्या मंडळीत मराठीतून मोठ्यानं वाचावा. सबंध वाचावा, गाळगूळ न करता. भाषांतर मी केलंय, मागेल त्याला देतो. विनंती एवढीच. ती का करतोय ते पुढं लिहिलंय.

मी पाळक नव्हे. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त झालो. पाळकसाहेब परगावी असले की कधीमधी उपासना चालवतो, पंचांमध्ये दोन खेपा होतो, नाताळच्या जेवणाचा हिशोब अजून माझ्याच वहीत असतो. म्हणजे रस्त्यावरून देवळावर खडे मारणारा मी नाही. पुढून तिसऱ्या बाकावरचा माणूस आहे, आणि हा उपदेश नेमका पहिल्या चार बाकांसाठी आहे असं माझं मत झालंय.

उपदेश सापडला तो वडिलांच्या ट्रंकेत. पावसाळ्यात ट्रंकेला वाळवी लागली म्हणून सगळं अंगणात काढलं, त्यात इंग्रजी उपदेशांचं एक जाडजूड पुस्तक निघालं. पाठीचा पुठ्ठा गेलेला. वडिलांनी पेन्सिलीनं एका ठिकाणी उभी रेघ मारली होती आणि बाजूला मराठीत एकच शब्द लिहिला होता, ‘मी’. ती रेघ कुठल्या ओळींना होती ते पुढं सांगतो. अठराव्या शतकातलं इंग्रजी, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या भाचीला हाताशी धरून दोन पावसाळे खपलो तेव्हा कुठं ते आपल्या भाषेत आलं.

आता उपदेशाविषयी. २५ जुलै १७४१ रोजी वेस्लीनं तो ऑक्सफर्डमधल्या सेंट मेरी चर्चमध्ये, विद्यापीठासमोर दिला. तो तिथल्या लिंकन कॉलेजचा फेलो होता आणि विद्यापीठासमोर बोलायची पाळी सुमारे तीन वर्षांतून एकदा यायची. समोर कोण बसलेलं? प्राध्यापक, धर्मशास्त्राचे विद्यार्थी, उद्याचे पाळक. यातला एकही माणूस स्वतःला बिगरख्रिस्ती म्हणवून घेणारा नव्हता. सगळे बाप्तिस्मा झालेले, सगळ्यांना विश्वासांगीकार पाठ. या पाळीसाठी त्यानं आधी याहून जहाल असा एक उपदेश लिहून ठेवला होता, यशयाच्या पहिल्या अध्यायातल्या एकविसाव्या वचनावर, जिथं संदेष्टा विश्वासू नगरीला वेश्या झालीस म्हणतो. तो त्यानं दिला नाही. दिला तो हा. मला विचाराल तर हाच जास्त लागतो. शिवी ऐकली की माणूस रागावून मोकळा होतो. इथं रागवायला जागाच नाही.

वचन आहे प्रेषितांच्या कृत्यांच्या सव्विसाव्या अध्यायातलं, अठ्ठाविसावं. कैसरियातला दरबार भरलाय, अग्रिप्पा राजा आणि बर्णीका मोठ्या थाटात आलेत, समोर पौल बेड्या घातलेला. रोमी सुभेदार फेस्त ओरडून म्हणतो, तुला वेड लागलंय, फार विद्येनं तुझं डोकं फिरलंय. मग पौल अग्रिप्पाकडे वळून विचारतो, महाराज, संदेष्ट्यांवर आपला विश्वास आहे ना? तेव्हा राजा जे बोलतो ते जुन्या इंग्रजी बायबलात असं आहे की, मी ख्रिस्ती व्हावं म्हणून तू माझं मन जवळजवळ वळवलंसच. ‘जवळजवळ’ या एका शब्दावर वेस्लीनं सगळा उपदेश उभा केला.

इथं धर्मशास्त्र शिकलेले पाळकसाहेब मला अडवतील, आणि बरोबर अडवतील. मूळ ग्रीकमध्ये ‘जवळजवळ’ असं नाही, ‘थोडक्यात’, ‘थोड्या वेळात’ असा काहीसा अर्थ आहे, आणि हल्लीची बहुतेक भाषांतरं तशीच आहेत. अग्रिप्पा कदाचित टोमणाच मारत होता : एवढ्याशा बोलण्यानं मला ख्रिस्ती करतोस होय? कबूल. पण पुढचं वचन वाचा. पौल म्हणतो, थोडक्यात असो की फार, आपणच नव्हे तर आज माझं ऐकणारे सगळे जण माझ्यासारखे व्हावेत, या बेड्यांखेरीज. आणि एवढं ऐकून राजा उठून निघून गेला, हे कुठल्याही भाषांतरात बदलत नाही.

उपदेशाचे दोन भाग. जवळजवळ ख्रिस्ती कोण, हा पहिला. पुरता ख्रिस्ती कोण, हा दुसरा. आणि गंमत अशी की पहिला भाग ऐकताना माणूस खूश होत जातो.

सुरुवात होते ती ख्रिस्त माहीत नसलेल्या लोकांच्या प्रामाणिकपणापासून. वेस्ली म्हणतो, जुन्या मूर्तिपूजक लोकांतसुद्धा एवढं होतंच की दुसऱ्याचं घेऊ नये, गरिबाला पिळू नये, व्यवहारात कुणाला फसवू नये, खोटं बोलू नये. एकमेकांना मदतही करत, मात्र स्वतःला तोशीस न लागता. उरलं तर भुकेल्याला अन्न, जास्त झालं तर उघड्याला कपडा. ‘तोशीस न लागता’ हे लिहिताना माझा पेन थांबला. मंडळीतल्या गरिबांसाठी आपण दर वर्षी जे जुने कपडे गोळा करतो, त्यातला एक तरी शर्ट असा असतो का, जो देताना कुणाला जिवावर आलं? निपाणीत तंबाखूच्या वखारीत काटा सरळ धरणारे, एक दाणाही इकडचा तिकडं न करणारे दलाल मी पाहिलेत. त्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, जैन आहेत. त्यांच्या बरोबरीला येण्यासाठी ख्रिस्ती व्हावं लागत नाही, हे वेस्ली पहिल्याच पायरीवर सांगून टाकतो.

दुसरी पायरी देवभक्तीच्या बाह्य रूपाची. हा माणूस देवाचं नाव व्यर्थ घेत नाही, प्रभूचा दिवस पाळतो, दारू पिऊन झिंगत नाही, भांडणं टाळतो. इतरांचं भलं करतो, दुःखिताला धीर देतो, चुकलेल्याला समजावतो. चर्चला नियमित येतो, आणि आल्यावर कसा वागत नाही हेही वेस्ली सांगतो. सोन्यानं मढून, भारी कपडे मिरवत येत नाही. इकडंतिकडं बघत बसत नाही. बाकावर आरामशीर रेलून डुलक्या घेत नाही. देवच झोपलाय असं समजून शेजाऱ्याशी गप्पा मारत नाही. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या ऑक्सफर्डचं हे वर्णन आहे, पण नाताळच्या उपासनेत तिसऱ्या बाकावरून मला दिसतं ते यापेक्षा फार वेगळं नाही. (मोबाइल तेवढा त्याला ठाऊक नव्हता.) घरी हा माणूस कुटुंबाला घेऊन प्रार्थना करतो, एकट्यानंही करतो.

इथंवर आलं की ऐकणारा म्हणतो, हां, म्हणजे हे सगळं वरवरचं करणारे ढोंगी ते जवळजवळ ख्रिस्ती. आपण तसे नाही, आपण मनापासून करतो. वेस्ली याच क्षणाची वाट बघत असतो. तो तिसरी पायरी सांगतो, प्रामाणिक हेतू. हे सगळं करण्यामागं देवाची सेवा करायची खरीखुरी, आतली इच्छा. शिक्षेच्या भीतीनं नव्हे, लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून नव्हे. आणि मग म्हणतो की हे इतकं सगळं असलं, हा प्रामाणिकपणा धरून, तरी माणूस जवळजवळच ख्रिस्ती असू शकतो.

म्हणूनच हा उपदेश मला ढोंग्यांवरच्या नेहमीच्या उपदेशांहून वेगळा वाटतो. येशूनं ढोंगी म्हटलेल्या परुशांवर उपदेश झाला की आपण शेजाऱ्याकडं बघतो. हा उपदेश झाला की बघायला शेजारी उरतच नाही.

फाउंड्रीत याला शब्द आहे, ब्लोहोल. ओतकाम वरून झकास दिसतं, फेटलिंग म्हणजे घासूनपुसून साफ झालेलं, रंग दिलेला. लेथवर चढवून दोन कट मारले की आत पोकळी उघडी पडते. साचा करणाऱ्यानं लबाडी केलेली नसते बरं का. वाळूत ओल जास्त राहिली, वायूला बाहेर जायला वाट ठेवली गेली नाही, एवढंच. त्याला त्या पोकळीचा पत्ताही नसतो. एकतीस वर्षांत मी रिजेक्टचा शिक्का मारलेले बहुतेक भाग प्रामाणिक माणसांनीच केलेले होते.

यानंतर ती जागा येते, वडिलांनी रेघ मारलेली. तेरावा परिच्छेद. समोर बसलेले लोक कुजबुजत असणार की जिवंत माणूस एवढं सगळं करून पुन्हा जवळजवळच ख्रिस्ती कसा राहील? वेस्ली म्हणतो, होय, राहतो, कारण मी स्वतः कित्येक वर्षं तसा होतो. वेळ वाया घालवला नाही, सगळ्यांचं भलं करण्याची संधी सोडली नाही, मनापासून केलं, देवाला आवडावं म्हणून केलं. आणि तरीही माझं अंतःकरण साक्ष देतं की तो सगळा काळ मी जवळजवळच ख्रिस्ती होतो. हे कोण बोलतोय तेही बघा. ज्याच्या मंडळीला ऑक्सफर्डच्या पोरांनी चेष्टेनं ‘मेथडिस्ट’ म्हटलं, जो तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जायचा, जो मिशनकामासाठी समुद्र ओलांडून अमेरिकेत जॉर्जियाला गेला आणि हात हलवत परत आला. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत त्याला पहिल्यांदा जाणवलं की आपण केवळ ख्रिस्तावर विसंबलोय. तेव्हा तो पस्तिशीच्या उंबरठ्यावर होता आणि अभिषिक्त पाळक होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती.

माझे वडील मंडळीत शब्बाथ शाळा चालवायचे. त्या रेघेपाशी त्यांनी ‘मी’ कधी लिहिलं असेल, कुणाला कधी सांगितलं का, मला माहीत नाही. घरात तरी कधी बोलले नाहीत.

दुसरा भाग लहान आहे, आणि मी तो सांगून संपवणार नाही, ऐकायला काही शिल्लक राहू दे. देवावर प्रीती, शेजाऱ्यावर प्रीती, आणि या दोन्हींच्या मुळाशी विश्वास. विश्वास म्हणजे सगळं खरं आहे असं मानणं नव्हे, तसं तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, हे याकोबानं सांगूनच ठेवलंय. कुमारीपासून जन्म, चमत्कार, पुनरुत्थान, भुतं यातलं काहीच नाकारत नाहीत. विश्वास म्हणजे ख्रिस्तामुळं माझी क्षमा झाली या भरवशावर अंग टाकणं, आणि त्यातून उमटणारी प्रीती. शेवटी प्रश्न येतात, एकामागून एक, सरळ ‘तू’ म्हणून. देवावाचून तुला दुसरं काही नको आहे का? प्रत्येक माणसावर, शत्रूवरसुद्धा, स्वतःच्या जिवासारखी प्रीती करतोस का? चांगल्या हेतूंनी माणूस ख्रिस्ती होत नाही, नरकाची फरसबंदीच चांगल्या हेतूंची आहे असं कुणीसं म्हटलंय, हेही तो मध्येच ऐकवतो.

आता आक्षेप. भाषांतर वाचून दोघातिघांनी मला तोंडावर सांगितले, त्यांना इथंच उत्तर देतो.

पहिला : हे सगळं इंग्रजी, आपल्या मातीतलं नाही. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडं आलं. तेव्हापासून या शहरातल्या किती तरी घरांवर वेस्लीचं नाव आहे, त्याचं एक पानही न वाचता. बरं, इंग्रज नको तर पंडिता रमाबाई घ्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. संस्कृतच्या पंडिता, शास्त्रं कोळून प्यालेल्या बाई. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सरळ सांगतात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. त्यासाठी बाप्तिस्म्यानंतर आणखी आठेक वर्षं गेली. ज्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं, त्या बाई स्वतःविषयी हे लिहितात. आणि १९१७ साली कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा आपला संघ उघडला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी. नाव आणि आतली वस्तू एकच असेल असं धरून चालू नये, ही शंका आपल्याच थोरामोठ्यांनी आधी घेतलीय.

दुसरा : वेस्लीनं स्वतःच पुढं हे मऊ केलं. खरं आहे. म्हातारपणी आपल्या रोजनिशीची नवी आवृत्ती काढताना त्यानं खाली टीप घातली की त्या जुन्या दिवसांतही माझ्याकडं चाकराचा विश्वास होता, पुत्राचा मात्र नव्हता. मला ही टीप आवडते. पाळकसाहेबांनी वाचनानंतर ती जरूर सांगावी. पण आधी उपदेश, मग टीप. आपल्याकडं उलट होतं, दुखायच्या आधीच मलम.

तिसरा आक्षेप मात्र खरा गंभीर आहे, आणि तो एका महिला मंडळाच्या बाईंनी घेतला. म्हणाल्या, आपल्यात कितीतरी साध्या, दुबळ्या मनाच्या बायका आहेत. आधीच त्यांना वाटतं देव आपल्यावर रागावलाय. त्यांनी हे ऐकलं तर रात्रभर झोपायच्या नाहीत. यावर मी बरेच दिवस अडून राहिलो. मग एका घरसभेत हा उपदेश वाचला तेव्हा आमच्या मंडळीतली एक आजी होती तिथं, चर्चची झाडलोट वर्षानुवर्षं करणारी, अक्षरओळख नसलेली. वाचून झाल्यावर शिकलेले सगळे गप्प. आजी म्हणाली, “मी कुठली पुरी? पण ज्याला धरलंय त्यो पुरा हाय नव्हं?” आणि चहा ठेवायला उठली. आता भीती मला तिची वाटत नाही. भीती वाटते ती आम्हा हिशोबाच्या वह्या ठेवणाऱ्यांची, आणि आम्ही जरा एक रात्र जागलो तर बिघडत नाही.

आता शत्रूबद्दलचा तो प्रश्न. इथं मी जे लिहिणार आहे ते घरच्यांनी लिहू नको म्हणून सांगितलंय.

आमच्या आवारात दोन उपासना होतात, आधी कन्नड, मग मराठी. अकरा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी कन्नड उपासनेत बाप्तिस्मे होते, वेळ लांबली. आमची मंडळी बाहेर उन्हात उभी. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. काही जण म्हणाले, मुद्दाम करतायत. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. या गावात एक नोव्हेंबरच्या आसपास हवा कशी असते ते आपल्याला सांगायला नको, कन्नडवाल्यांचा राज्योत्सव, सीमाप्रश्नामुळं मराठीवाल्यांचा काळा दिवस. मी पंच होतो. मी मागच्या खोलीत गेलो आणि मेन स्विच पाडला. माइक बंद, पंखे बंद, पाळकांच्या हातात कुणाचं तरी ओल्या डोक्याचं बाळ. कन्नड सभेचे एक पंच माझ्याकडं आले, मी त्यांना जे बोललो ते मराठीत बोललो आणि त्यांना सगळं समजलं. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दोन्ही सभा एकत्र येतात त्या प्रत्येक प्रभुभोजनाला मात्र एकाच कठड्यापाशी गुडघे टेकले. या अकरा वर्षांत मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की माझा विश्वास प्रामाणिक आहे, आणि ते खोटं नव्हतं.

गेजचं तसं असतं. प्लग गेजला दोन टोकं, एक गो, दुसरं नो-गो. गोचं टोक भोकात गेलं पाहिजे, नो-गोचं जाता कामा नये. मधलं ‘जवळजवळ’ असं टोक कुणी बनवलेलं नाही. ‘शत्रूवर प्रीती करतोस का’ हे वाक्य मराठीत आणताना मी तीन शब्द बदलून पाहिले. ‘शत्रू’च्या जागी ‘विरोधक’ घातला, मग खोडला. ते माप सैल करणं होतं, आणि सैल केलेलं माप ओळखणं हाच माझा धंदा होता.

सीमाप्रश्नावर माझं मत काय, हे या पत्राला विचारू नका. माझ्या पोरांनी मराठीत शिकावं, दुकानावरची पाटी मराठीत वाचता यावी, एवढं मला वाटतं आणि त्यासाठी मी मोर्चालाही गेलोय. पण भाषेचा अभिमान आहे म्हणून मी स्विच पाडला, हे मी स्वतःला अकरा वर्षं सांगत होतो. त्या दिवशी आत भाषा कमी होती, मीच जास्त होतो.

आणखी एक सांगतो. २०२१ च्या डिसेंबरात, नाताळ दोन दिवसांवर असताना, इथल्याच सुवर्ण विधानसौधात धर्मांतराविरुद्धचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं. त्या दिवसांत आपण किती बैठका घेतल्या, किती निवेदनं लिहिली! घ्यायलाच हव्या होत्या. ख्रिस्ती म्हणून जगायचा आपला हक्क आपण जोरात मांडला. एका बैठकीत तर एक तरुण पोरगा म्हणाला, आपल्याला कुणी जबरदस्तीनं ख्रिस्ती केलेलं नाही. टाळ्या पडल्या. आता वेस्ली वाचल्यावर ते वाक्य मला वेगळंच ऐकू येतं. आपल्याला कुणी जबरदस्तीनं केलं नाही हे खरं, पण आपण स्वतःहून तरी झालोय का? हा प्रश्न सरकारला विचारायचा अधिकार नाही, शेजाऱ्याला नाही, पोलिसाला तर नाहीच नाही. म्हणून तो आपल्या व्यासपीठावरून, आपल्या भाषेत, आपणच विचारायला हवा.

पाळकसाहेब, आपल्याला याचा त्रास होईल, हे मला कळतं. वेस्लीलाही झाला. तीन वर्षांनी, १७४४ च्या ऑगस्टमध्ये, त्याच व्यासपीठावरून त्यानं विचारलं की हे शहर ख्रिस्ती शहर आहे का, आणि विद्यापीठानं पुन्हा कधी त्याला उपदेशाला बोलावलं नाही. आपल्याला पंच एवढं करणार नाहीत. फार तर कुणी एक महिना दानाच्या पाकिटात नोट बदलेल.

तरुण संघाला वेगळं सांगतो. तुम्ही मोबाइलवर परदेशी उपदेशकांचे तुकडे बघता, संगीत लावलेले, रडवणारे. बघा, माझी ना नाही. पण या उपदेशात संगीत नाही, गोष्ट नाही, रडवणंही नाही. एक माणूस शांतपणे पायऱ्या चढत जातो आणि शेवटच्या पायरीवर वळून तुमच्याकडं बघतो. पहिल्यांदा कंटाळा येईल. दोनदा वाचा.

भाषांतर पुरं झाल्यावर मी त्याची एक प्रत घेऊन त्या कन्नड सभेच्या पंचांच्या घरी गेलो. अर्धा किलो कुंदा घेऊन गेलो होतो. दार त्यांनीच उघडलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग कुंद्याच्या डब्याकडं बघून म्हणाले, “शुगर आहे मला, चार वर्षं झाली.” अकरा वर्षं न बोलल्यावर मला हे कसं कळावं! आत बसलो. स्विचचा विषय मी काढला, त्यांनी हातानंच थांबवलं. माफ केलं की पुरे म्हटलं, मला अजून नीट समजलेलं नाही. प्रत ठेवून घेतली. पंधरा दिवसांनी फोन आला, मराठीत, की हे कन्नडमध्ये करायला घेतलंय, पण पहिल्याच शब्दाला अडलोय. ‘जवळजवळ’ला काय घालू? ‘सुमारु’ चालेल का?

मी म्हटलं, आमच्याकडंही सुमार आहे की. सुमारे म्हणजे अंदाजे, आणि सुमार म्हणजे बेताचा, यथातथा. ते म्हणाले, आमच्यातही दोन्ही अर्थ होतात. मग आम्ही दोघंही थोडं हसलो. शब्द अजून नक्की झालेला नाही. त्यांचं काम दुसऱ्या पायरीपर्यंत आलंय, चर्चमध्ये डुलक्या घेणाऱ्यांपर्यंत, आणि तिथं ते फारच रंगलेत.

वाचायचं ठरवलंत तर दोन गोष्टी सांभाळा. मला मोठ्यानं वाचायला चाळीस मिनिटं लागतात, म्हणून त्या दिवशी सूचना आणि वाढदिवसांच्या शुभेच्छा उपासनेनंतर घ्या. आणि एकाच माणसानं सबंध वाचू नये, आवाज थकतो. पहिला भाग पंचांपैकी कुणी वाचावा. तेरावा परिच्छेद मात्र पाळकसाहेबांनी स्वतः वाचावा, ‘मी’ या शब्दाला न अडखळता. कन्नड प्रत तयार झाली की कळवतोच. ज्या आवारांत दोन्ही सभा आहेत, तिथं एकाच रविवारी दोन्हीकडं वाचता आलं तर बरं. वेळ लांबली तर बाहेर सावलीत बसायची सोय आधी करून ठेवा.

आपला,
पुढून तिसऱ्या बाकावरचा एक निवृत्त तपासनीस, बेळगाव